चूक त्या ओळीत नव्हती

माझ्या पहिल्या कवितासंग्रहाची मुद्रिते मी पाच वेळा वाचली होती. छापखान्यातल्या मुद्रितशोधकानेही वाचली होती. माणूस मोठा काटेकोर. अनुस्वार गळला, वेलांटी आखूड झाली, की त्याची पेन्सिल थांबायची. तरीही पुस्तक हातात आले तेव्हा एका कवितेत 'मातीला' या शब्दाचा काना गळून 'मतीला' छापले गेले होते. ते मला दिसले नाही, त्यालाही दिसले नाही. दाखवून दिले ते एका शिक्षक मित्राने. तो म्हणाला, "कविता पेरणीची आहे. मग इथे मती कुठून आली?"

मी छापखान्यात तक्रार घेऊन गेलो. मुद्रितशोधक शांतपणे म्हणाला, "साहेब, मती हा शब्द शुद्ध आहे. मी तो कसा पकडणार?" त्याचे खरे होते. आणि माझे काय? मला कविता पाठ होती. मी कागदावरचे वाचतच नव्हतो, मनातलेच वाचत होतो. लिहिणाऱ्याला चूक दिसली नाही कारण त्याला सगळे आधीच ठाऊक होते. तपासणाऱ्याला दिसली नाही कारण त्याला कवितेतले काहीच ठाऊक नव्हते. कविता समजून घेत वाचणाऱ्या तिसऱ्याला ती दिसली.

ही जुनी गोष्ट मला आठवली ती माझ्या भाच्यामुळे. तो पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. ईदच्या सुटीत घरी आला तेव्हा मी विचारले, "दिवसभर लिहितोस तरी काय?" तो हसून म्हणाला, "मामू, लिहिणं थोडं. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचतो, आणि समजलं नाही तर चूक सापडत नाही." मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाशी माझा संबंध टंकलेखनापुरता. पण हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. मग त्याच्याकडून समजून घेत, मिळेल ते वाचत मी या वाचण्याचा इतिहास धुंडाळला. तोच आज सांगतो.

संगणकाचा प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांचा मजकूर. हा मजकूर यंत्र पाळते, पण लिहितात आणि दुरुस्त करतात ती माणसे. तो माणसानेही वाचायचा असतो, ही गोष्ट ठामपणे मांडली जेराल्ड वाइनबर्ग या अमेरिकन लेखकाने. त्यांचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या मानसशास्त्रावरचे पुस्तक १९७१ साली आले. प्रोग्रामर आपल्या लिखाणाला आपल्या अब्रूचा भाग समजतो, म्हणून त्यातली चूक त्याला दिसत नाही आणि दुसऱ्याने दाखवलेली रुचत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यावर त्यांनी उपाय सांगितला तो अहंकार बाजूला ठेवून एकमेकांचे लिखाण वाचण्याचा. उदाहरण दिले थेट जॉन फॉन नॉयमन यांचे. एवढा मोठा गणिती, पण आपण प्रोग्राम वाईट लिहितो असे सांगत तो आपले कागद इतरांपुढे सरकवायचा आणि चुका काढायला लावायचा. कवींनी हे ऐकून ठेवण्यासारखे आहे.

वाइनबर्ग यांनी वृत्ती सांगितली, पद्धत बसवली ती मायकेल फेगन यांनी. आयबीएम या कंपनीतले हे गृहस्थ. १९७६ साली कंपनीच्या संशोधनपत्रिकेत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि 'इन्स्पेक्शन', म्हणजे प्रोग्रामची रीतसर तपासणी, हा शब्द त्या व्यवसायात रुळला. चार जणांचा गट: एक सूत्रधार, एक आराखडा करणारा, एक प्रोग्राम लिहिणारा आणि एक चाचणी घेणारा. बैठक दोन तासांपेक्षा लांबवायची नाही, कारण त्यानंतर डोळे उघडे असले तरी लक्ष मिटलेले असते. एकाने मजकूर आपल्या शब्दांत सांगत पुढे जायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, अडवायचे, विचारायचे. चूक सापडली की नोंदवायची, ती कशी सुधारावी यावर तिथे वाद घालायचा नाही.

फेगन यांच्या पद्धतीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट बैठकीच्या आधीची आहे. सुरुवातीला आराखडा करणाऱ्याने सगळ्यांना एकूण मांडणी समजावून सांगायची. मग प्रत्येकाने कागद घरी नेऊन अभ्यास करायचा. या अभ्यासाचा मुख्य हेतू चुका शोधणे हा नव्हता, तर लिहिणाऱ्याच्या मनात काय होते ते समजून घेणे हा होता. आधी समजायचे, मग शोधायचे, असा तो क्रम होता.

पुढे तपासणीची घाई वाढली तेव्हा हा क्रम विसविशीत झाला. तपासणाऱ्याच्या हाती एक यादी आली. अमुक चौकट तपासली का? तमुक संख्येला आरंभीची किंमत दिली का? यादी वाईट नसते. माझा मुद्रितशोधकही अशीच एक यादी डोक्यात ठेवून काम करत होता. पण 'मती' शुद्ध असते तेव्हा यादी गप्प बसते.

मग माणसाला प्रोग्राम समजतो म्हणजे नेमके काय होते? विसाव्या शतकाच्या आठव्या आणि नवव्या दशकांत मानसशास्त्र आणि संगणकशास्त्र या दोन्ही घरांत वावर असलेल्या काही संशोधकांनी हा प्रश्न हाती घेतला. १९८३ साली रुव्हेन ब्रूक्स यांनी म्हटले, की जाणता वाचक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ चालत जात नाही. तो आधी अंदाज बांधतो, की हा प्रोग्राम बहुधा अमुक काम करत असावा. मग मजकुरात त्या अंदाजाच्या खुणा शोधतो. या खुणांना ब्रूक्स यांनी दीपस्तंभ म्हटले. दोन संख्यांची अदलाबदल करणाऱ्या तीन ओळी दिसल्या, की अनुभवी माणूस ओळखतो की इथे काहीतरी क्रमाने लावले जात आहे. अंधारात दिवा दिसला की बंदर जवळ आले हे नाखवा जाणतो, तसेच हे.

दुसऱ्या वर्षी, १९८४ मध्ये, एलियट सोलोवे आणि केट एर्लिक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नवशिके आणि अनुभवी अशा दोघांना त्यांनी प्रोग्राम वाचायला दिले. काही रूढ रीतीने लिहिलेले, काही मुद्दाम ती रीत मोडून लिहिलेले. रीतीला धरून लिहिलेल्या मजकुरात अनुभवी मंडळी खूपच पुढे होती. रीत मोडलेली असताना मात्र त्यांची आघाडी बरीचशी वितळली. याचा अर्थ असा, की आपण नुसत्या डोळ्यांनी वाचत नाही, सवयीनेही वाचतो. सवय आपल्याला वेग देते, आणि तीच जे नाही ते दाखवतेही.

सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक अडचण टिपली. कधी कधी एकाच विचाराचे तुकडे प्रोग्राममध्ये दूर दूर विखुरलेले असतात. एक तुकडा दहाव्या पानावर, दुसरा ऐंशीव्या पानावर. दहावे पान वाचणारा माणूस समोर दिसते त्यावरून उरलेल्याची कल्पना करून घेतो आणि पुढे जातो. ती कल्पना चुकली तर चूक त्याच्या समोरून निघून जाते. विखुरलेल्या अर्थाची ही अडचण त्यांनी सांगितली तेव्हा ती तितकीशी सार्वत्रिक नव्हती. पण तेवढ्यात प्रोग्राम लिहिण्याची एक नवी तऱ्हा जगभर पसरू लागली होती, आणि तिच्यात विखुरलेपण हा अपघात नव्हता, मांडणीचा पायाच होता.

या तऱ्हेचे मूळ नॉर्वेत. ओस्लोतल्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड हे दोघे प्रत्यक्ष जगातले व्यवहार संगणकावर हुबेहूब चालवून पाहण्यासाठी एक भाषा घडवत होते. तिचे नाव सिम्युला. १९६७ च्या तिच्या आवृत्तीत एक साधी आणि विलक्षण कल्पना होती. जगात जशा वस्तू असतात तशा प्रोग्राममध्येही असाव्यात. प्रत्येक वस्तूजवळ स्वतःची माहिती असावी, स्वतःची कामे तिने स्वतः करावीत, सारख्या वस्तूंचा एक वर्ग असावा आणि एका वर्गाचा वारसा दुसऱ्याला मिळावा. पुढे अमेरिकेत ॲलन के यांनी या तऱ्हेला 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हे नाव दिले. केम्ब्रिजमध्ये सिम्युला वापरलेल्या बियार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ पासून बेल लॅब्जमध्ये सी प्लस प्लस ही भाषा घडवली. १९९५ साली जावा आली. डाल आणि न्यूगार्ड यांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि २००२ च्या उन्हाळ्यात दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने गेले. त्यांनी पेरलेली तऱ्हा तोवर जगभरच्या प्रोग्रामरांच्या हाती रुळली होती.

या तऱ्हेत लिहिणे सोपे होते, हे कुणी नाकारत नाही. वाचणे कसे अवघड होते ते भाच्याने मला बँकेच्या उदाहरणाने सांगितले. समजा, बँकेचा प्रोग्राम आहे. त्यात 'खाते' नावाचा एक वर्ग आहे. त्याचे दोन वारस आहेत, बचत खाते आणि चालू खाते. पैसे काढायचे काम दोघेही करतात, पण आपापल्या नियमांनी. आता प्रोग्राममध्ये एक ओळ येते, "खात्या, पाचशे रुपये काढ." हे खाते कोणते? ओळ वाचून कळत नाही. प्रोग्राम प्रत्यक्ष चालू लागेल तेव्हाच ते ठरेल. वाचणाऱ्याने मग बचत खात्याच्या घरी जायचे. तिथे लिहिलेले असते, की हे काम वडिलांच्या रीतीने करावे. मग वडिलांच्या घरी जायचे. वडील म्हणतात, किमान शिल्लक मुलाला विचारा. पुन्हा खाली यायचे. या वरखाली हेलपाट्यांना प्रोग्रामर मंडळी यो-योचा खेळ म्हणतात.

आता दोन वर्षांनी कुणीतरी तिसरा वारस आणतो, अल्पवयीन मुलाचे खाते. पालकांची सही नसेल तर त्याने पैसे द्यायचे नाहीत. म्हणून ते गप्प बसते, खात्यातून काहीच वजा करत नाही. पण "पाचशे रुपये काढ" म्हणणारी जुनी ओळ समजते की काम झाले, आणि यंत्रातून नोटा बाहेर पडतात. ओळ वाचा, शुद्ध आहे. नवा वर्ग वाचा, तोही शुद्ध आहे. चूक आहे ती दोघांनी एकमेकांविषयी करून घेतलेल्या समजुतीत, आणि ती समजूत कोणत्याच पानावर लिहिलेली नाही. इथे मला माझी 'मती' आठवली.

हे उदाहरण घरगुती झाले. अशा न लिहिलेल्या समजुतीची खरी किंमत किती असते ते जगाने ४ जून १९९६ रोजी पाहिले. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधील कुरू येथून युरोपचे एरियान ५ हे नवे रॉकेट पहिल्यांदाच उडाले. त्यात पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राच्या अभ्यासासाठी तयार केलेले 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रह होते. जेमतेम ३७ सेकंद होतात तोच रॉकेट वाट सोडून वळले, फुटू लागले आणि त्याने स्वतःला नष्ट केले. माणसे त्यात नव्हती. पण कित्येक शास्त्रज्ञांची वर्षानुवर्षांची मेहनत त्या धुरात गेली.

गणिती जाक-लुई लियाँ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि तिने त्याच वर्षीच्या जुलैत अहवाल दिला. रॉकेटला दिशा सांगणाऱ्या यंत्रातला प्रोग्राम आधीच्या एरियान ४ वरून उचललेला होता. तिथे तो नीट चालला होता. त्यात एका ठिकाणी ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जात होती. त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान ४ च्या वाटेवर ती संख्या कधी तेवढी मोठी होत नसे. एरियान ५ मात्र सुरुवातीलाच आडव्या दिशेने सुमारे पाचपट झपाट्याने वेग घेत होते. संख्या मावली नाही, यंत्र बंद पडले. राखीव यंत्रातही तोच प्रोग्राम होता, तेही बंद पडले. बंद पडताना त्याने पाठवलेला दोषाचा संदेश मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचला आणि रॉकेटला भलतीकडे वळवले. आणखी कडू गोष्ट अशी, की ज्या हिशेबात ही संख्या अडली तो हिशेब एरियान ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हता. जुन्या रॉकेटची गरज म्हणून तो तसाच चालू राहिला होता.

हा प्रोग्राम अडा नावाच्या भाषेत होता. तो वस्तू आणि वारस या तऱ्हेचा नमुना नव्हे. पण एकदा लिहिलेले पुन्हा वापरावे हे त्या तऱ्हेचेही मोठे आश्वासन, आणि इथे तेच अंगावर आले. अशा धोक्याच्या सात संख्या होत्या. चारांना संरक्षण दिले होते, तिघांना नव्हते. संगणकावरचा भार मर्यादेत ठेवायचा होता, म्हणून तसे ठरवले गेले. निर्णय विचार करून घेतलेला होता. पण समितीला असे आढळले, की त्या निर्णयामागचे कारण प्रोग्रामच्या मजकुरात कुठेच सांगितलेले नव्हते. कागदपत्रांच्या प्रचंड ढिगाऱ्यात ती समजूत बाहेरून तपासणाऱ्यांच्या नजरेआड झाली होती, कुणी मुद्दाम लपवलेली नसतानाही. जुन्या रॉकेटच्या संदर्भात ती ओळ बरोबर होती. नव्या संदर्भात ती चुकली, आणि संदर्भ ओळीत लिहिलेला नव्हता. म्हणून समितीने सुचवले, की प्रोग्रामइतकेच लक्ष त्यामागची कारणे सांगणाऱ्या कागदांकडेही द्यावे. तपासणाऱ्याला नुसत्या ओळी देऊन भागत नाही, त्याला त्यांचे 'का' द्यावे लागते.

मग विखुरलेल्या अर्थाचा प्रोग्राम वाचावा कसा? या प्रश्नावर स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात अ‍ॅलिस्टर डन्समोर, मार्क रोपर आणि मरे वुड यांनी काम केले. वस्तू आणि वारस यांच्या तऱ्हेने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये शोधायला सर्वांत अवघड जातात त्या चुका विखुरलेल्या असतात, हे त्यांनी २००० साली प्रयोगातून दाखवले. एका जागी बसून त्या दिसत नाहीत, इकडेतिकडे जाऊन तुकडे जुळवावे लागतात. मग त्यांनी वाचनाच्या तीन पद्धती तयार केल्या. पहिली, या तऱ्हेसाठी नव्याने बेतलेली प्रश्नांची यादी. दुसरी, इतरांवर कमीत कमी अवलंबून असलेल्या वर्गापासून सुरुवात करून प्रत्येक तुकडा काय करतो ते आपल्या शब्दांत लिहून काढण्याची. शाळेत आपण उताऱ्याचा सारांश लिहायचो, तसेच. तिसरी, एका प्रसंगाचे बोट धरून चालण्याची. ग्राहक आला, कार्ड घातले, पैसे मागितले, तर मजकूर कुठून कुठे जातो ते पाहत जायचे.

मला वाटले होते, की सारांशवाली पद्धत जिंकेल. कवीला असेच वाटणार. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनेत सर्वांत परिणामकारक ठरली ती यादीच. मी जिला मुद्रितशोधकाची यादी म्हणून बाजूला सारले होते ती. फरक इतकाच, की ही यादी वाचकाला कुठे अर्थ विखुरलेला असतो ते ओळखून पुढच्या घरी जायला लावणारी होती. उरलेल्या दोन पद्धतींचीही आपापली बलस्थाने दिसली. एकीला जे निसटते ते दुसरी पकडते. मुद्रितशोधक आणि शिक्षक मित्र, दोघेही हवेत.

आज फेगन यांच्या बैठका तशा क्वचितच होतात. भाचा म्हणतो, आता आम्ही पडद्यावरच एकमेकांचे बदल वाचतो, शेजारी शेरे लिहितो. २०१३ साली अल्बर्टो बाकेली आणि ख्रिश्चन बर्ड यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या अशा वाचनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसे या वाचनाकडून अपेक्षा करतात ती चुका सापडण्याची. प्रत्यक्षात मात्र गाठ पडते ती समजण्याशी. हा बदल काय आहे, कशासाठी आहे, हे कळणे हीच त्या कामाची किल्ली असते, असे त्यांना दिसले. आता तर यंत्रेच प्रोग्रामच्या ओळी लिहून देऊ लागली आहेत. ओळी वाढल्या, लिहिणारा मनुष्य मागे सरला. समजून घेणाऱ्यावरचा भार मात्र हलका झालेला नाही.

आपली बँक, आपले रेल्वेचे तिकीट, रुग्णालयातले यंत्र, सगळ्यांच्या आत अशा लाखो ओळी चालत असतात. त्या कुणी वाचल्या का, हे आपण विचारत नाही. विचारले तरी "तपासल्या आहेत" एवढेच उत्तर येईल. आता मला त्यापुढचा प्रश्न विचारावासा वाटतो, समजून वाचल्या का?

सुटी संपवून निघताना भाचा म्हणाला, "मामू, तुमच्या नव्या पुस्तकाची प्रुफं मला पाठवा." मी म्हटले, "तुला कविता कुठे कळते?" तो म्हणाला, "नाही कळत. म्हणून तर प्रत्येक ओळीला तुम्हाला विचारीन, ही इथं का आहे?"

मी प्रुफे पाठवली. तीन ठिकाणी त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या तीन ओळी मी काढून टाकल्या.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)